शाळेच्या लॅबसाठी स्वतःची इन्स्टॉलेशन इमेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजांच्या लॅबमध्ये ओएस (ऑपरेटिंग सिस्टम) टाकायचं काम मी बरीच वर्षं करते. मे महिन्यात फोन सुरू होतात. तीस-चाळीस पीसी असतात, शाळा उघडायला दोन आठवडे उरलेले असतात आणि हाताशी एकच माणूस असतो. त्या फोनवर पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः उबंटू २४.०४ या मोफत लिनक्स ओएसची आहेत, कारण जुन्या पीसींवर मी सध्या तीच टाकते. विंडोजबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

इन्स्टॉलेशन इमेज म्हणजे नेमकं काय? आणि 'आपली' इमेज म्हणजे काय?

पेनड्राइव्हवर उतरवून पीसी सुरू करता येतो ती आयएसओ फाइल म्हणजे इन्स्टॉलेशन इमेज. तिच्यात सुरुवातीला चालणारा छोटा भाग असतो, इन्स्टॉलर असतो, आणि ओएसच्या सगळ्या फाइल दाबून बसवलेला एक गठ्ठा असतो. उबंटूत हा गठ्ठा स्क्वॅशएफएस प्रकारचा असतो.

ही इमेज आपली करून घ्यायचे तीन मार्ग आहेत. पहिल्यात गठ्ठा उघडून आत हवं ते टाकायचं आणि आयएसओ पुन्हा बांधायची. दुसऱ्यात एक पीसी मनासारखा तयार करून त्याच्या डिस्कची नक्कल, म्हणजे क्लोन, बाकीच्यांवर उतरवायचा. तिसऱ्यात मूळ आयएसओला हात न लावता इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. इन्स्टॉलर ती वाचतो आणि आपल्याला काही विचारत नाही.

आमच्याकडे चारच पीसी आहेत. एवढं करावं का?

नको. हाताने टाका. एका दुपारचं काम आहे, आणि इमेज बनवून तपासायला त्याहून जास्त वेळ जाईल. आठ-दहा पीसींच्या पुढे गेलात किंवा दर वर्षी हेच करायचं असेल, तर मात्र इमेज करा.

तिन्हींपैकी कोणता मार्ग घ्यावा?

मी उत्तर-फाइलचा मार्ग घेते आणि दुसऱ्यांनाही तोच सांगते. क्लोन पहिल्या वर्षी फार सोपा वाटतो. दुसऱ्या वर्षी कुणी विचारतं, "यात जिओजेब्रा कुठली आहे? तो प्रिंटर कसा जोडला होता?" तेव्हा सांगता येत नाही, कारण ते सगळं क्लोन बनवणाऱ्याच्या डोक्यात होतं आणि त्याची बदली झालेली असते. उत्तर-फाइल आणि तिच्यासोबतची स्क्रिप्ट (ओळीने चालायच्या कमांडची यादी) या साध्या मजकुराच्या फाइल असतात. पुढचा माणूस त्या वाचू शकतो, एखादी ओळ बदलू शकतो, नव्या आवृत्तीवर पुन्हा चालवू शकतो. शाळेच्या कपाटात जपून ठेवायची वस्तू ही आहे, दहा जीबीची फाइल नव्हे.

क्लोन कुठे चालतो? सगळे पीसी एकाच कंपनीचे, एकाच खेपेतले असतील आणि दोन दिवसांत लॅब उभी करायचीच असेल तिथे. त्यासाठी तैवानमध्ये तयार झालेलं क्लोनझिला चांगलं आहे. ते डिस्कचा वापरलेला भागच उचलतं. एक अट लक्षात ठेवा: ज्या डिस्कवर उतरवायचं ती मूळ डिस्कपेक्षा लहान असून चालत नाही. '२४०' लिहिलेल्या एसएसडीवर '२५६' वालीची नक्कल मावणार नाही. म्हणून नमुन्याचा पीसी नेहमी सगळ्यांत लहान डिस्कचा घ्यावा.

उत्तर-फाइलमध्ये काय लिहायचं?

उबंटूत या सोयीला ऑटोइन्स्टॉल म्हणतात, डेबियनमध्ये (उबंटू जिच्यावरून बनते त्या लिनक्समध्ये) प्रीसीड. उबंटूची फाइल यामल पद्धतीने लिहायची असते: भाषा, कीबोर्ड, टाइमझोन (आशिया/कोलकाता), पहिला वापरकर्ता, डिस्कची मांडणी, वरून टाकायच्या पॅकेजची यादी. शेवटी 'लेट-कमांड्स' नावाचा भाग येतो, म्हणजे इन्स्टॉल संपत आलं की चालवायच्या कमांड. मी तिथे एकच ओळ ठेवते, ती माझी स्क्रिप्ट उतरवून चालवते. बाकी सगळं स्क्रिप्टमध्ये.

यामलमध्ये ओळीच्या आधीची जागा स्पेसनेच सोडायची, टॅब चालत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांचे निम्मे फोन मला याच्यापायी येतात.

२४.०४ च्या डेस्कटॉप इन्स्टॉलरमध्ये स्वयंचलित इन्स्टॉलेशनचा पर्याय आहे. तिथे उत्तर-फाइलचा पत्ता विचारला जातो. शिक्षकांच्या टेबलावरच्या पीसीवर छोटा वेबसर्व्हर चालवून फाइल तिथे ठेवली, की आयएसओ बांधत बसायची गरजच उरत नाही.

असा पेनड्राइव्ह लावला की पीसी काही न विचारता पुसला जातो, हे खरं का?

खरं आहे, आणि या पानावर मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं ते हेच.

सर्व्हर इन्स्टॉलर उत्तर-फाइल सापडली तरी डिस्कवर लिहिण्याआधी एकदा विचारतो. पण बूटच्या ओळीत (पीसी सुरू होताना कर्नलला, म्हणजे ओएसच्या गाभ्याला, दिल्या जाणाऱ्या सूचनांत) 'ऑटोइन्स्टॉल' हा शब्द घातला असेल तर तेवढंही विचारत नाही. काही वर्षांपूर्वी मी तो शब्द घालून पेनड्राइव्ह बनवला होता. एका शाळेत लॅबचं काम संपवून कार्यालयात गेले, तिथल्या पीसीवर काही फाइल कॉपी करायला तोच पेनड्राइव्ह मागच्या बाजूला लावला आणि तसाच विसरले. संध्याकाळी लाइट गेली. परत आली तेव्हा तो पीसी आपोआप सुरू झाला. बूटच्या क्रमात यूएसबी पहिली होती. सकाळी लिपिक मॅडमनी स्क्रीन उघडली तर समोर नवंकोरं लॉगिन, आणि फीच्या नोंदी गेलेल्या. पावतीपुस्तकांच्या कार्बन प्रतींवरून त्यांनी नोंदी पुन्हा भरल्या. मीही पाच दिवस शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होते.

तेव्हापासून माझे काही नियम आहेत. बूटच्या ओळीत तो शब्द घालत नाही. उत्तर-फाइलमधल्या 'इंटरॅक्टिव्ह-सेक्शन्स' या भागात 'स्टोरेज' लिहिते, म्हणजे इन्स्टॉलर डिस्कच्या पडद्यावर थांबतो आणि माणसाने बघून पुढे जायचं असतं. तीस पीसींवर तीस वेळा क्लिक करावं लागतं, ते मला चालतं. पेनड्राइव्हला लाल चिकटपट्टी लावते, त्यावर 'पुसतो' असं लिहिते. लॅबच्या बाहेर तो नेत नाही.

जुन्या व्हिडिओत सांगितलेली स्क्वॅशएफएस फाइल आयएसओत सापडतच नाही. काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही. पूर्वी 'कॅस्पर' फोल्डरमध्ये 'फाइलसिस्टम' नावाचा एकच गठ्ठा असायचा. आता उबंटूच्या डेस्कटॉप आयएसओत तो थरांमध्ये विभागला आहे: एक 'मिनिमल', त्याच्यावर 'स्टँडर्ड', त्याच्यावर लाइव्ह चालण्यापुरता. खालचा थर बदलून वरचा तसाच ठेवला तर बदल झाकला जातो किंवा इन्स्टॉल अर्ध्यात अडकतं. आयएसओ आतूनच बदलायची असेल तर क्यूबिक हे साधन वापरा. ते थर सांभाळतं आणि शेवटी आयएसओही बांधून देतं. डेबियनवर काम करत असाल तर लाइव्ह-बिल्ड हे अधिक नीटनेटकं साधन आहे, कारण त्यातही सगळं मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेलं राहतं.

क्लोन केल्यावर सगळ्या पीसींना एकच आयपी मिळतोय. राउटर बिघडलाय का?

राउटर ठीक आहे. त्याला सगळे पीसी एकच वाटताहेत.

प्रत्येक लिनक्स पीसीवर 'इटीसी' फोल्डरमध्ये 'मशीन-आयडी' नावाची छोटी फाइल असते, त्या पीसीचं जणू आधार कार्ड. नक्कल केली की तीही नकलली जाते. नेटवर्कचं काम सिस्टमडी-नेटवर्कडी या सेवेकडे असेल (उबंटू सर्व्हरमध्ये असतंच) तर पीसी राउटरपाशी आपली ओळख याच आयडीवरून देतो, आणि तीसही जण तेच नाव सांगतात.

उपाय: नक्कल घेण्याआधी ती फाइल रिकामी करा. पुसून टाकू नका, फाइल राहू द्या, आतला मजकूर काढा. मग प्रत्येक पीसी पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचा नवा आयडी लिहितो.

त्याच वेळी एसएसएचच्या (दुसऱ्या पीसीवरून लॉगिन करायच्या सोयीच्या) होस्ट-की, म्हणजे त्या पीसीची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या, काढा. नाहीतर तीसही पीसींची किल्ली एकच राहते, आणि एका पीसीवरून ती उचलणारा बाकी कुठल्याही पीसीचं सोंग घेऊ शकतो. पण डेबियनमध्ये या किल्ल्या काढल्यावर आपोआप परत बनत नाहीत, त्यामुळे एसएसएच सुरूच होत नाही. पहिल्या बूटला त्या बनवणारी एक ओळ ठेवा. पीसीचं नावही तेव्हाच द्या. मी नेटवर्क कार्डाच्या मॅक क्रमांकावरून देते: एका यादीत मॅक आणि समोर 'लॅब-०१', 'लॅब-०२'. तोच क्रमांक कॅबिनेटवर स्टिकरने चिकटवलेला असतो. मुलं "सात नंबर चालत नाही" म्हणाली की मला सातच सापडला पाहिजे.

मराठी टायपिंग आधीपासून असलं पाहिजे. कसं करायचं?

माझ्या मते स्वतःची इमेज बनवण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. तयार आयएसओत मराठी अक्षरं दिसतात, पण मूल खुर्चीवर बसून लगेच 'माझी शाळा' टाइप करू शकत नाही. कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्ड जोडावा लागतो, आणि तो तीस पीसींवर कुणी जोडत नाही.

पॅकेजच्या यादीत आयबस-एम१७एन घाला. त्यात मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींची प्रमाण कीबोर्ड मांडणी) आहे, उच्चाराप्रमाणे टाइप करायची पद्धतही आहे. फॉन्टमध्ये नोटो सान्स देवनागरी, लोहितचा मराठीसाठीचा वेगळा फॉन्ट, आणि मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त परवान्याचा मुक्ता. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात. युनिकोडमध्ये अक्षर एकच असल्यामुळे मराठी वळण द्यायचं की नाही हे मजकुराच्या भाषेवरून ठरतं. म्हणून लिब्रेऑफिसमध्ये भारतीय लिपींसाठीची भाषा हिंदी असेल तर ती बदलून मराठी करा. ही एक निवड राहून गेली की मुलांच्या प्रकल्पाच्या छापील पानावर ती वळणं हिंदीची उमटतात, आणि मराठीच्या बाई विचारतात तेव्हा कुणालाच कारण सांगता येत नाही.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. नमुन्याच्या पीसीवर आपण आपल्या खात्यात कीबोर्ड जोडतो, तो आपल्यापुरताच राहतो. नव्या वापरकर्त्याला तो मिळत नाही. सगळ्यांना मिळावा म्हणून डीकॉन्फमध्ये (डेस्कटॉपच्या सेटिंग जिथे साठतात तिथे) पूर्ण सिस्टमसाठीची फाइल ठेवावी लागते, आणि ती ठेवल्यावर 'डीकॉन्फ अपडेट' चालवावं लागतं. हे दुसरं पाऊल विसरलं तर फाइल असूनही काहीच घडत नाही.

तपासायला मी एकच ओळ वापरते: 'दऱ्याखोऱ्यांतल्या शाळेत ॲप उघडले'. 'ऱ्या' नीट जुळतो का, 'ॲ' च्या जागी चौकोन येतो का, 'श' आणि 'ल' मराठी वळणाचे आहेत का, सगळं त्यात कळतं. इनस्क्रिप्टमध्ये 'ऱ' शिफ्ट आणि जे दाबून येतो, 'ळ' शिफ्ट आणि एन दाबून. की दाबून पाहा, पेस्ट करून समाधान मानू नका.

पूर्ण स्क्रीन मराठीत ठेवावी का? मोठ्या मुलांसाठी मी ठेवत नाही. भाषांतर काही ठिकाणी अपुरं आहे, अर्धा मेनू मराठी आणि अर्धा इंग्रजी दिसतो, आणि पुस्तकातली इंग्रजी नावं शोधताना मुलं गोंधळतात. पहिली-दुसरीच्या वर्गासाठी मात्र आवर्जून ठेवते.

शाळेच्या वाय-फायचा पासवर्ड इमेजमध्ये घालून ठेवला तर?

घालू नका. आयएसओ कुणीही उघडू शकतं, आणि पेनड्राइव्ह शाळेतल्या शाळेत दहा हातांतून फिरतो. वापरकर्त्याचा पासवर्ड उत्तर-फाइलमध्ये हॅश करून (सरळ वाचता येऊ नये अशा रूपात) लिहितात, पण सोपा पासवर्ड असेल तर हॅशवरूनही तो काढता येतो. इन्स्टॉल झाल्यावर बदलायचाच, या तयारीने तो ठेवा.

विंडोजवाल्यांनी जास्त जपावं. तिथली उत्तर-फाइल इन्स्टॉलनंतर विंडोज फोल्डरमधल्या 'पँथर' या फोल्डरमध्ये उरू शकते, आणि तिच्यातला 'लपवलेला' पासवर्ड फक्त बेस६४ मध्ये बदललेला असतो. ते कुलूप नव्हे, क्षणात उलटवता येतं. काम झालं की ती फाइल पुसा.

नमुन्याच्या पीसीवर ब्राउझरमध्ये स्वतःच्या खात्याने लॉगिन करू नका, हेही यातच आलं.

तीस पीसींवर नेटवर्कवरून उतरवायचं तर किती वेळ लागेल?

आधी स्विच बघा. बऱ्याच लॅबमध्ये अजून शंभर एमबीपीएसचा जुना स्विच असतो, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी. क्लोन आठ जीबीचा असेल तर एका पीसीला अकरा मिनिटांच्या आत-बाहेर. पण तीस जणांनी वेगवेगळा मागितला तर २४० जीबी त्याच एका तारेतून जायचे, म्हणजे पाच तासांच्या वर. गिगाबिट स्विचवर हेच काम साधारण अर्ध्या तासाचं. मल्टिकास्ट वापरलं तर एकदाच पाठवलेलं सगळे एकत्र उचलतात. क्लोनझिलाच्या सर्व्हर आवृत्तीत आणि फॉग या तशाच साधनात ती सोय आहे. त्यात वेग सगळ्यांत हळू पीसीच्या चालीने ठरतो, म्हणून रडणारा पीसी आधीच बाजूला काढा.

नेटवर्कवरून बूट करण्यासाठी आपण स्वतःचा डीएचसीपी सर्व्हर (पीसींना आयपी पत्ते वाटणारा) चालवणार असाल, तर लॅबच्या स्विचमधून शाळेच्या राउटरकडे जाणारी तार आधी काढा. नाहीतर कार्यालयातले पीसी तुमच्याकडून पत्ता घेतील आणि त्यांचं इंटरनेट बंद पडेल.

खरं सांगायचं तर उत्तर-फाइलच्या मार्गात मला हे फारसं लागत नाही. सहा जीबीची आयएसओ चार पेनड्राइव्हवर उतरवते आणि रांगेने लावत जाते. वरून येणारी अपडेट मात्र तीस वेळा उतरू नयेत म्हणून शिक्षकांच्या पीसीवर ॲप्ट-कॅशर-एनजी ठेवते. एका पीसीने पॅकेज आणलं की बाकीच्यांना ते लॅबमधूनच मिळतं.

विंडोजची अशी इमेज बनवता येते का?

येते, पण आधी लायसन्स बघा. पीसीसोबत आलेलं ओईएम लायसन्स त्या पीसीपुरतं असतं. स्वतःची एक इमेज बनवून अनेक पीसींवर उतरवायचा हक्क व्हॉल्यूम लायसन्सने मिळतो. शाळेकडे ते आहे का, हे कागदावर पाहिल्याशिवाय सुरुवात करू नका.

कामाची रीत अशी: इन्स्टॉलनंतर पहिल्या पडद्यावर कंट्रोल-शिफ्ट-एफ३ दाबून ऑडिट मोडमध्ये जायचं, सॉफ्टवेअर टाकायचं, मग सिसप्रेप हे विंडोजचं साधन 'जनरलाइझ' करून चालवायचं. वर मशीन-आयडीबद्दल सांगितलं तेच काम इथे सिसप्रेप करतं. ते बहुतेक वेळा दोन कारणांनी अडतं. मध्येच स्टोअरमधलं एखादं ॲप फक्त एका वापरकर्त्यासाठी अपडेट झालेलं असतं, किंवा विंडोज ११ ने बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू केलेलं असतं. म्हणून ऑडिट मोडमध्ये असताना इंटरनेटची तार काढून ठेवा.

पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, आणि विंडोजची मुख्य विम फाइल अनेकदा त्याहून मोठी असते. विंडोजचं डिस्म हे साधन वापरून तिचे तुकडे करता येतात. पेनड्राइव्ह बनवणारं रूफस हा प्रश्न एनटीएफएस वापरून स्वतःच सोडवतं.

विंडोज १० चा नेहमीचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय पीसीत लागते आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. लॅबमधले कितीतरी धडधाकट पीसी त्यात बसत नाहीत. ते भंगारात काढण्याआधी एकावर लिनक्स टाकून बघा, ही माझी विनंती आहे.

दुसरीकडून मिळालेली तयार इमेज वापरली तर?

ओळखीच्या माणसाने पेनड्राइव्हवर दिलेली 'सगळं सॉफ्टवेअर असलेली' विंडोज मी कुठल्याही शाळेत लावत नाही. आत काय आहे ते कळायला मार्ग नसतो.

अधिकृत जागेवरून घेतलेली आयएसओसुद्धा तपासा. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ सिनॅमनच्या आयएसओचा दुवा बदलला गेला. त्या दिवशी उतरवणाऱ्यांना बाहेरून ताबा घेता येईल असा प्रोग्रॅम दडवलेली आयएसओ मिळाली. दुवा बदलू शकणारा माणूस त्याच पानावरची शा-२५६ बेरीजही (फाइल जशीच्या तशी आहे का ते तपासायचा आकडा) बदलू शकतो. म्हणून बेरजेच्या फाइलवरची जीपीजी सहीही (बनवणाऱ्यांची डिजिटल सही) पडताळा. पाच मिनिटं लागतात.

लॅबमध्ये न्यायच्या आधी इमेज कशी तपासावी?

आधी व्हर्च्युअल मशीनवर (पीसीच्या आत चालणाऱ्या लटक्या पीसीवर), दोनदा: एकदा यूईएफआय (नव्या पीसींची सुरू व्हायची पद्धत) चालू ठेवून, एकदा जुन्या बायोसवर. मग लॅबमधल्या सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत नव्या पीसीवर. वाय-फाय, आवाज, प्रोजेक्टर आणि प्रिंटर व्हर्च्युअल मशीनवर कळत नाहीत. सिक्युअर बूट (सही नसलेली ओएस सुरू होऊ न देणारी सोय) बंद करायची सवय लावून घेऊ नका. वितरणाचा मूळ, सही असलेला कर्नल तसाच ठेवला तर उबंटू आणि डेबियन ते चालू असतानाही बूट होतात.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले तर घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे होतं. का?

विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तिथे यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) आहे असं धरून चालतं. दोन्ही ठेवायचेच असतील तर लिनक्सला तिथे स्थानिक वेळ असते असं सांगणारी 'टाइमडेटसीटीएल'ची ओळ स्क्रिप्टमध्ये घाला.

बनवलेली इमेज दुसऱ्या शाळांना देता येईल का?

उत्तर-फाइल आणि स्क्रिप्ट खुशाल द्या. बदललेली आयएसओ बाहेर वाटायची असेल तर दोन गोष्टी पाहा: आतल्या जीपीएल या मुक्त परवान्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स (मूळ कोड) मागणाऱ्याला देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि बदललेल्या ओएसला 'उबंटू' हे नाव लावून वाटायला उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलची परवानगी लागते. शाळेच्या आत वापरायला अडचण नाही.

मोठ्या प्रमाणावर हे आपल्या देशात झालेलं आहे. केरळात काइट ही सरकारी संस्था उबंटूवरून शाळांसाठी स्वतःची ओएस तयार करते, पाठ्यपुस्तकात लागणारं सॉफ्टवेअर तिच्यातच असतं. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने डेबियनवरून बॉस लिनक्स केली. मराठी शाळांसाठी कीबोर्ड, फॉन्ट आणि आपल्या पुस्तकांना लागणारी साधनं घालून असं काही सातत्याने होत राहावं, असं मला मनापासून वाटतं. तोवर एका तालुक्यातल्या चार शाळांनी एक स्क्रिप्ट वाटून घेतली तरी फार काम वाचेल.

किती दिवसांनी नवी इमेज करावी?

उबंटू २४.०४ ला पाच वर्षं नेहमीचा आधार आहे, म्हणून ओएस दर वर्षी बदलायची गरज नाही. मी वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, नवी आयएसओ घेऊन तीच स्क्रिप्ट एका पीसीवर चालवून बघते. काही मोडलं तर तेव्हाच दुरुस्त होतं. फाइलच्या नावात तारीख घालते, 'अंतिम' हा शब्द कधीच घालत नाही. आधीची एक प्रतही ठेवते, कारण नव्या कर्नलवर जुना प्रिंटर रुसला तर जूनच्या पहिल्या आठवड्यात परत फिरायला जागा लागते.